गाळलेल्या जागा

मुलांनो, शुद्धलेखन म्हटलं की तुमची तोंडं कशी होतात ते मला ठाऊक आहे! आज एका शुद्धलेखनाच्या वहीचीच गोष्ट सांगते. आणि बरं का, या गोष्टीत चूक विद्यार्थिनीची नाही, बाईंची आहे.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव नाही सांगत. स्वभावानं गोड, पण लक्ष म्हणून नसायचं. पाढे म्हणताना 'सात पंचे पस्तीस'ला थांबायची आणि वर्ग 'सात आठे छप्पन्न'ला पोचला की पुन्हा सुरू! शुद्धलेखनात तर वाक्यातले मधलेच दोन-तीन शब्द गायब. मी रागावले, उभं केलं, प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' असा शेराही लिहिला. मुलं तिला 'तंद्रीबाई' म्हणायची. मी त्यांना थांबवलं नाही.

एक दिवस तिच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, "बाई, ती मुद्दाम नाही करत. मी हलवलं तरी तिला कळत नाही. पापण्या नुसत्या फडफडतात."

मी चपापले. तिच्या आईला बोलावलं आणि वही घेऊन आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी तिच्या हातात कागदी भिरभिरं दिलं. "मार फुंकर, थांबायचं नाही!" भिरभिरं गरगरू लागलं. दीड-दोन मिनिटांत फुंकर थांबली, नजर थिजली. पाच-सात सेकंदांनी काही झालंच नाही अशी ती पुन्हा फुंकू लागली. (हा प्रयोग डॉक्टरांसमोरच करायचा. तुम्ही नाही!) मग ईईजी काढला. डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात. शॉक बसत नाही, दुखत नाही.

ही एक प्रकारची फीटच. मेंदूच्या पेशी एकमेकींशी सूक्ष्म विजेनं बोलतात. कधी खूपशा पेशी एकदम एका तालात बोलू लागतात आणि तेवढे काही सेकंद भान जातं. दिवसात असं कितीतरी वेळा होऊ शकतं. या फीटचं इंग्रजी नाव 'ॲब्सेन्स', म्हणजे गैरहजेरी. हजेरीपटावर हजर, पण मधले काही सेकंद गैरहजर! हा वेडेपणा नाही आणि शिवल्यानं लागतही नाही. औषधानं बहुतेक मुलांना चांगला गुण येतो. मोठेपणी अनेकांची ही फीट थांबतेही.

मी वर्गासमोर तिची माफी मागितली. तो शेरा लाल शाईनं खोडला. औषध लागू पडेपर्यंत राहिलेला शब्द मैत्रीण दाखवायची. वहीतल्या गाळलेल्या जागा हळूहळू भरल्या.

पालकांनो, प्रत्येक तंद्री म्हणजे फीट नव्हे. हाक मारली, खांद्याला हात लावला की मूल भानावर येत असेल, तर बहुधा ती साधी तंद्री. येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. औषध मनानं बंद करू नका. हातपाय झाडणारी मोठी फीट आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर तडक दवाखाना. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

आणि मुलांनो, शेजारच्या मित्राचं असं काही दिसलं तर चिडवू नका, बाईंना सांगा. बाईंनाही सगळं दिसतंच असं नाही!

— तुमच्या बाई