वरात संपली, घोडीचं काय?

गेल्या मार्गशीर्षात आमच्या मळ्यातली एक घोडी मेली. पेपरात लिहिण्याजोगी ही बातमी नव्हे, हे मलाही कळते. गाय गेली तर लोक हळहळतात, बैल गेला तर शेजारी येऊन बांधावर बसतात. पण घोडी, तीही म्हातारी, बिनकामाची आणि दुसऱ्याने सोडून दिलेली! तिच्यापायी आमच्या घरात दोन दिवस कोणाला घास गोड लागला नाही, असे सांगितले तर तुम्ही हसाल. गावातही हसले. तरीही लिहितो आहे, कारण हा प्रश्न एकट्या माझ्या घोडीचा नाही.

साडेतीन वर्षांपूर्वी, लगीनसराई संपून पावसाची वाट बघायचे दिवस होते. ही घोडी आमच्या फाट्यावर उभी दिसली. पांढरा रंग, पाठीवर खोगिराने पडलेल्या दोन जखमा, खूर वाढून फुटलेले. डोळ्यांच्या वर खड्डे पडलेले आणि पुढचे दात लांब होऊन बाहेर कललेले. घोड्याचे वय दातांवरून सांगतात, डॉक्टरांनी तोंड उघडून बघितले आणि म्हणाले, "पंचविशीच्या आसपास असेल." घोडे साधारण पंचवीस-तीस वर्षे जगते. म्हणजे ही माणसातली ऐंशीची म्हातारी. पोरांनी तिचे नाव ढवळी ठेवले.

तिला पहिल्या दिवशी मी पाटीभर भरडा घालायला निघालो होतो. डॉक्टरांनी हात धरला. उपाशी घोड्याला एकदम दाणा घातला तर पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे तो जिवावर बेततो. आधी पाणी, मग थोडे थोडे गवत, मग भिजवलेला गव्हाचा कोंडा, असे दहा-बारा दिवस चालले. दाढा झिजलेल्या असल्याने तिला कडबा चावायचा नाही. अर्धवट चावलेले गोळे तोंडातून खाली पडायचे. घरच्यांनी कुट्टी बारीक करून भिजवून द्यायला सुरुवात केली. हळूहळू अंगावर मास धरले.

आता एक गोष्ट सांगतो. एकदा रस्त्याने वरात चालली होती, बँडचा आवाज मळ्यापर्यंत आला. गोठ्यात उभी असलेली ढवळी कान टवकारून ताठ झाली आणि पुढचे पाय ठेक्यावर उचलायला लागली. पाठीवर नवरदेव नाही, लगाम धरायला कोणी नाही, समोर नुसती गव्हाण. ही म्हातारी एकटीच नाचत होती. आवाज लांब जाईपर्यंत थांबली नाही. तिला वाटले असेल, थांबले तर मार बसेल. त्या दिवसापासून वरातीतला नाचणारा घोडा मला पूर्वीसारखा बघवत नाही.

वर्षभराने एक माणूस बांधावर येऊन उभा राहिला. पाणी मागितले. ढवळी त्याचा आवाज ऐकून खिंकाळली, तेव्हा मी काय ते ओळखले. मनात राग साठला होता, पण तो तिच्या मानेवर हात ठेवून एवढेच म्हणाला, "दादा, ठेवली असती तर पोरांच्या तोंडचं काढून घालावं लागलं असतं. दारात मरताना बघवलं नसतं, म्हणून सोडली." मी बोलू शकलो नाही. कारण २००३ च्या दुष्काळात मी स्वतः एक बैल बाजारात नेऊन विकला आहे. चौदा वर्षे औत ओढलेला बैल. दावे दुसऱ्याच्या हातात देताना त्याने मान वळवून बघितले. मी बघितले नाही. पैसे मोजत होतो.

म्हणून ढवळी गेली तेव्हा मी रडलो, ते निव्वळ तिच्यासाठी रडलो असे नाही. त्या बैलाचे राहिलेले रडणे होते ते.

आणि तिच्या बाबतीतही मी चुकलोच. थंडीत एके संध्याकाळी ती बसली ती उठेना. घोडे उभ्याने झोपते. म्हातारे घोडे आडवे झाले आणि उठता आले नाही, की स्वतःच्याच वजनाखाली अंग बधिर होते, श्वासावर ताण येतो. आम्ही पाच जणांनी दोर लावून उठवून बघितले. डॉक्टर म्हणाले, "आता ती उठणार नाही. त्रास कमी करायचा तर कायमचं झोपवायचं इंजेक्शन हाच मार्ग." मी म्हणालो, "सकाळी बघू." मला वाटले मी दया करतो आहे. ती रात्रभर पाय झाडत होती, मातीत डोके आपटत होती. सकाळी मी होय म्हणालो आणि पाच मिनिटांत ती शांत झाली. ती एक रात्र मी तिला उगीच भोगायला लावली. ती माझ्या जीवाला लागून राहिली आहे, म्हणून तुम्हाला सांगतो: डॉक्टर सांगतील तेव्हा 'सकाळी बघू' म्हणू नका.

मग पुरायचे कुठे? ओढ्यात टाकून द्या, कुत्री-गिधाडे बघतील, असा सल्ला मिळाला. डॉक्टरांनी बजावले, की इंजेक्शन दिलेल्या जनावराचे मांस खाऊन कुत्री आणि गिधाडेही मरतात, खोल पुरावेच लागेल. जनावरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडांचा कसा सत्यानाश झाला आणि २००६ मध्ये त्यावर बंदी कशी आली, हे आपल्याला ठाऊक आहेच. विहिरीपासून लांब, रानाच्या कडेला जेसीबीने खड्डा काढला. "घोडीसाठी जेसीबी? दुभती होती का?" असे एकाने विचारले. तेवढ्यात वस्तीवरची एक म्हातारी आली, ढवळीच्या कपाळावर हळद-कुंकू लावले आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

मंडळी, घोड्याचा मान आपल्याला शिकवायची गरज नाही. खंडोबाचे वाहन घोडा. दसऱ्याला आपण घोडा पूजतो. वारीत रिंगणातून अश्व धावून गेला, की त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावायला आपली झुंबड उडते. सारंगखेड्याच्या यात्रेत आणि अकलूजच्या बाजारात देखण्या घोड्याभोवती गर्दी मावत नाही. पण हा सगळा मान धावणाऱ्या घोड्याचा. थकलेल्या घोड्याला आपल्याकडे जागा नाही.

टांगे गेले. मुंबईतल्या व्हिक्टोरिया २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाख होते, ते २०१९ मध्ये साडेतीन लाखांच्याही आत आले. कायदा आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यान्वये जनावर उपाशी मरेल असे सोडून देणे हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! एवढ्यात कडब्याची पेंढी तरी येते का? आणि ज्याच्या घरात चारा घ्यायला पैसा नाही, त्याला दंड करून घोडीच्या पोटात काय जाणार?

तेव्हा सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यापुढे तीन गोष्टी मांडतो. पहिली, गावोगावचे पडके कोंडवाडे. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यात घोडेही येतात. त्यांपैकी एक कोपरा दुरुस्त करून छप्पर आणि पाण्याचा हौद केला, तर बेवारस म्हातारे जनावर फाट्यावर गाडीखाली तरी येणार नाही. चारा लोक देतील. आमच्या गावात हसणाऱ्यांनीच नंतर घासाच्या पेंड्या आणून टाकल्या. दुसरी, मेलेले जनावर पुरायला विहीर-ओढ्यापासून लांब एक जागा ग्रामसभेने ठरवून द्यावी. तिसरी, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्या हातातलेही थोडे आहे. पोराच्या लग्नाला घोडी ठरवाल तेव्हा भाव करण्याआधी खोगीर उचलून पाठ बघा. जखम असेल तर नको म्हणा आणि का नको तेही सांगा. वरात थांबली की बँडवाल्याला चहा देता, तेव्हा घोडीपुढे बादलीभर पाणी ठेवा. ज्याला जनावर सांभाळणे होत नाही, त्याने रात्री फाट्यावर सोडण्याऐवजी दिवसा चार माणसांत येऊन तसे सांगावे. आणि त्या चार माणसांनी त्याला शिव्या घालू नयेत.

कोणाच्या दारातले बिनकामाचे जनावर गेले आणि तो माणूस गप्प बसलेला दिसला, तर 'दुभतं होतं का' असे विचारू नका. शेजारी जाऊन बसा. आमच्या गव्हाणीत अजून कुट्टी तशीच आहे. परवा रस्त्याने वरात गेली तेव्हा घरातल्या सगळ्यांचे लक्ष गोठ्याकडे गेले. कोणी काही बोलले नाही.