बटाट्याचा रुपया कुठे मुरतो?

सातगाव पठारावरचा बटाटा मंचरच्या बाजारात ज्या भावाने जातो, त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे शहरातले गिऱ्हाईक मोजते. मग आपण म्हणतो, "मधल्यांनी खाल्ले." पण हे अर्धेच खरे आहे.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ सालच्या अभ्यासानुसार, ग्राहकाच्या रुपयातले सुमारे ३७ पैसे बटाटा उत्पादकाला मिळतात. बियाणे, खत, औषध, मजुरी सारे त्यातूनच भागवायचे. उरलेल्या ६३ पैशांत व्यापाऱ्यांचा नफा आहे, तसेच गाडीभाडे, चढ-उतार आणि सडून-सुकून जाणारी तूटही आहे. हे सगळे आपल्या हातात नाही. जे आहे, तेवढे तरी सुटू नये.

पहिले म्हणजे वेळ. आपला खरीप बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो. उत्तर प्रदेशात फेब्रुवारी-मार्चला शीतगृहात भरलेला मालही तेव्हाच बाहेर येत असतो. तिकडचा साठा मोठा असला की आपला भाव दबतो. तो साठा किती, हे उन्हाळ्यातच कळते. तेव्हा बियाण्याची ऑर्डर देण्याआधी चौकशी करा, मग किती लावायचा ते ठरवा.

दुसरे, ताजेपणा. थंडीत ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते, त्याचे वेफर काळपट पडतात. म्हणून कारखान्यांना ताजा माल लागतो. करार जरूर करा. पण दर, प्रतवारी आणि नाकारलेल्या मालाचे काय, हे लेखी घ्या.

तिसरे, निवड. मोठा, मध्यम, बारीक एकाच गोणीत भरला तर भाव बारकाच्या बाजूने ठरतो. हिरवट, कापलेला माल बांधावरच बाजूला काढा.

चौथे, पट्टी. राज्याने २०१६ साली भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. तरी पट्टीत अडत दिसली, किंवा न समजणारी कपात दिसली, तर बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते.

सरपंच व सोसायटीच्या चेअरमननीही हंगामात रोजचे बाजारभाव चावडीवरच्या फळ्यावर लिहावेत. खर्च फारसा नाही, आणि पट्टी तपासायला सगळ्या गावाला आधार मिळतो.

आणि एक करा. पट्टीवरचा कपात जाऊन उरलेला पैसा एकूण किलोंनी भागा. हाती पडलेला खरा भाव तोच, पुकारलेला नव्हे.