ताप गेला, खोकला का राहिला?

गणपतीचे दिवस सरले, चाकरमानी मुंबईला परतले की मालवण, आचरा, देवगडच्या दवाखान्यांत एक तक्रार वाढते: ‘ताप जावन धा दिवस झाले, पण खोकलो काय जाणा नाय.’ याला ऋतूही कारण आहे. आपल्या देशात फ्लू वर्षातून दोनदा जोर धरतो. जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळा संपताना.

२०२३ च्या सुरुवातीला ‘एच३एन२’ या फ्लूच्या विषाणूने असाच चिवट खोकला मागे ठेवला होता. त्या मार्चमध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने स्पष्ट केले की, ताप साधारण तीन दिवसांत उतरतो, पण खोकला तीन आठवडे राहू शकतो. त्यासाठी ऊठसूट अँटिबायोटिक घेऊ नये.

विषाणू गेला तरी त्याने खरवडलेले श्वासनलिकेचे अस्तर भरून यायला काही आठवडे लागतात. तोवर तिथल्या नसा हळव्या असतात. चुलीचा धूर, अगरबत्ती, पहाटेचा गार वारा, एवढेच काय, जास्त बोलणेही खोकल्याची उबळ आणते. थकवाही काही दिवस रेंगाळतो.

अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना खोकला ७ ते ९ दिवसांत जाईल असे वाटत होते. प्रत्यक्षात तो सरासरी सुमारे १८ दिवस टिकतो. नेमक्या या मधल्या दिवसांत मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिन आणले जाते. खोकला आपल्या वेळेने जातो आणि श्रेय गोळीला मिळते. पुढच्या वेळी तीच गोळी पुन्हा घेतली जाते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. वारंवार घेतल्याने जिवाणू मात्र त्याला दाद देईनासे होतात.

मग स्वस्थ बसायचे का? तसेही नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी करावी, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते. खोकला दिवसेंदिवस कमी होत असेल तर घाबरण्याचे कारण नाही, तरीही तपासणी टाळू नये.

उतरलेला ताप पुन्हा चढणे, धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, संध्याकाळचा बारीक ताप किंवा वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर दोन आठवडेही थांबू नये. वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि दमेकरी यांनी लवकर डॉक्टरांना दाखवावे.

बाकीच्यांना कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, चमचाभर मध आणि पुरेशी झोप पुरते. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. विडी-सिगारेट बंद ठेवावी. होडीवर किंवा रापणीला जाणाऱ्यांनी अंगात ताकद येईपर्यंत जड ओढकाम टाळावे.