कोणत्या पानावर?



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सायंप्रार्थना आटोपून मी चर्चची दारे लावीत होतो, तोच आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी आईला सोबत घेऊन आली. तिचे वडील केळीच्या बागेत मजुरी करतात. मुलगी मराठी विषय घेऊन एम. ए.ची परीक्षा बाहेरून देण्याच्या तयारीत आहे. ती म्हणाली, “फादर, मला ख्रिस्तपुराणावर निबंध लिहायचा आहे. ते पुस्तक कोठे मिळेल?”

मी सेमिनरीत शिकत असताना हाच प्रश्न ग्रंथपालांना विचारला होता. त्यांनी कपाटाचे कुलूप काढून ग्रंथ मेजावर ठेवला, आणि तासाभरात तो परत द्यावा असे बजावले. त्या दिवशी मी घाईघाईने वहीत उतरून घेतलेल्या ओव्या आजही माझ्याजवळ आहेत. या मुलीला तेवढे तरी कोठून मिळणार? निंबोल्याहून पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात जाण्याइतका पैसा व सवड त्या घरात नाही.

परंतु काळ पालटला आहे. तिच्याच मोबाइलवर आम्ही ‘इंटरनेट अर्काइव्ह’ हे अमेरिकेतील मोफत ग्रंथभांडार उघडले, आणि 1907 सालच्या मंगळूर आवृत्तीची पाने एकामागून एक समोर आली. ती पाहून मुलगी हिरमुसली व म्हणाली, “फादर, हे तर इंग्रजी दिसते!” ग्रंथ रोमन लिपीत छापलेला होता. मी चार ओव्या मोठ्याने वाचल्या, तेव्हा तिच्या आईचाच चेहरा आधी उजळला. ती माउली म्हणाली, “अगं, ही तर आपली मराठी!”

या ग्रंथाची हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू 1579 साली गोव्यास आले, व 1619 साली तेथेच निवर्तले. मराठीत त्यांनी सुमारे 11 हजार ओव्यांचे हे पुराण रचिले. ते 1616 साली गोव्यातील रायतूर येथे प्रथम छापले गेले. पुढे 1649 व 1654 साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कोठे उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. असे असता ग्रंथ वाचला कसा? गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो हातांनी उतरून घेतला आणि घराघरांतून जपून ठेवला, म्हणून. अशी हस्तलिखिते गोळा करून श्री. जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 ची आवृत्ती सिद्ध केली. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनला सापडले. पुढे 1956 साली श्री. शांताराम बंडेलू यांनी, व 1996 साली श्री. कारिदाद द्राग यांनी हे पुराण देवनागरी लिपीत वाचकांच्या हाती दिले. ज्या सामान्य संसारी माणसांनी दिव्याच्या उजेडात एकेक ओवी उतरली, त्यांचीच पुण्याई आज या मुलीच्या मोबाइलपर्यंत पोहोचली आहे.

केवळ एका ग्रंथापुरता हा पालट नाही. जुना शब्द अडला, तर 1857 सालचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर क्षणार्धात उघडतो. वाईस सिद्ध झालेला मराठी विश्वकोश घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. आपल्या देशातील विद्यापीठांत लिहिले गेलेले लाखो प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात ठेवलेले आहेत. पूर्वी असा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडे, व तो पाहण्यास प्रवास करावा लागे. केंद्र सरकारने 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6 हजार कोटी रुपयांची योजना आखून सुमारे 13 हजार संशोधन-नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना खुली केली आहेत. तथापि बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या आमच्या या मुलीपुढे ते दार अद्याप बंदच आहे. तसेच 1996 ची देवनागरी आवृत्ती विकत घेणेच न्यायाचे होते. म्हणून ती आम्ही मागविली.

येथवर सर्व आनंदाचेच आहे. आता चिंतेची बाजू सांगतो.

पंधरा दिवसांनी ती मुलगी निबंधाचा कच्चा मसुदा घेऊन आली. भाषा सफाईदार, मांडणी नेटकी. त्यात एक ओवी होती. ती मला ओळखीची वाटेना. मी विचारले, “बाळ, ही ओवी कोणत्या पानावर आहे?” ती गोंधळली. मग खाली मान घालून म्हणाली, “फादर, मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले, तिने दिली.” आम्ही दोघांनी तो सर्ग काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ओवी तेथे नव्हती. आधीच्या सर्गात नव्हती, आणि पुढच्याही नव्हती. यंत्राने ती स्वतःच रचून फादर स्टीफन्स यांच्या नावावर घातली होती!

यात यंत्राला पापी ठरविण्याचे कारण नाही. मागे वाचलेल्या अगणित मजकुरावरून पुढे कोणता शब्द शोभेल, एवढेच ते जुळवीत जाते. खरे-खोटे पारखण्याचा विवेक त्याच्यापाशी नाही. तो विवेक विचारणाऱ्याकडे असावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली नियम केला की, प्रबंधात दुसऱ्याच्या लेखनाशी 10 टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास तो सुधारून द्यावा लागेल, आणि 60 टक्क्यांहून अधिक आढळल्यास नोंदणीच रद्द होईल. दुसऱ्याचे उचललेले लेखन अशा रीतीने पकडता येते. परंतु जी ओवी कधी कोणी लिहिलीच नाही, तिचे साम्य कशाशी जुळणार? तेथे कामास येतो तो जुनाच प्रश्न: कोणत्या पानावर?

आणखी एक गोष्ट. सर्व काही संगणकात आहे, तेव्हा कागदाची काय गरज, असे आपल्यातील कित्येक तरुण म्हणतात. 2004 सालच्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला केला, तेव्हा दुर्मिळ ग्रंथ व हस्तलिखिते यांची नासधूस झाली. ज्याची दुसरी प्रत नसते, त्याचा भरवसा नसतो, हे त्या दिवशी सर्वांस कळून चुकले. परंतु 2023 सालच्या ऑक्टोबरात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणक-चोरांनी हल्ला केला, आणि त्या जगद्विख्यात ग्रंथालयाची सूचीदेखील कित्येक आठवडे कोणास पाहता आली नाही. कागद जळतो, आणि संगणकही बंद पडतो. म्हणून शहाण्याने दोन्ही जपावीत. मंगळूरच्या त्या कुटुंबांनी एकाच प्रतीवर विसंबून न राहता अनेक प्रती केल्या, हीच खरी ग्रंथरक्षा होय.

आता आपण काय करावे, ते सांगून हा लेख पुरा करतो.

आईवडिलांनो, अभ्यासाच्या वेळी मुलांच्या हातचा मोबाइल रागाने हिसकावून घेऊ नका, आणि तो त्यांच्या हाती देऊन निश्चिंतही होऊ नका. घटकाभर जवळ बसा. तुम्हांस लिहिता-वाचता येत नसले, तरी “हे तुला कोठे सापडले?” एवढे विचारता येते, आणि तेवढ्याने पुष्कळ काम होते. ज्यांच्या पेटीत आजोबांच्या वेळची प्रार्थनापुस्तके, जुनी मासिके किंवा हाताने लिहिलेल्या गीतांच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. माझ्याकडे आणाव्यात, त्यांची छायाचित्रे काढून मूळ प्रत तुमची तुम्हांस परत मिळेल. दर शनिवारी सायंकाळी धर्मगुरुनिवासाच्या पडवीत मेज, दिवा व इंटरनेट यांची सोय राहील. शिकणाऱ्या कोणीही यावे. त्याची जात वा धर्म कोणी विचारणार नाही.

त्या मुलीने मसुदा बाजूला ठेवला व निबंध पुन्हा पहिल्यापासून लिहिला. या खेपेस भाषा पूर्वीइतकी सफाईदार नाही. दोन-तीन वाक्ये तर मोडकीच आहेत. परंतु प्रत्येक ओवीखाली सर्गाचा, ओवीचा व पानाचा आकडा तिने आपल्या हाताने मांडला आहे. तो निबंध तिने माझ्यापुढे ठेवला व म्हणाली, “फादर, आता विचारा.”

मी विचारले नाही.