काठाचा चिखल राहू द्या

दिवाळी सरली की पारडगाव, सायकी, वडगाव या नागपूरच्या आसपासच्या तलावांचं पाणी उतरू लागतं आणि काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. आपल्या लेखी ती घाण. फिरायला येणारा नाक मुरडतो, पुढाऱ्याला तिथं दगडी पिचिंग नि जॉगिंग ट्रॅक दिसू लागतो. पण ह्याच चिखलाच्या भरवशावर जेमतेम चिमणीएवढ्या वजनाचा छोटा टिलवा थेट टुंड्रातून इकडे येतो. तुतवार येतात ते रशिया-सायबेरियाच्या दलदलीच्या जंगलांतून. त्यातला हिरवा तुतवार तिकडे झाडावरच्या कस्तुराच्या जुन्या घरट्यात अंडी घालतो म्हणे. इथं चिखलात शेपटी हलवत फिरताना बघून खरं वाटत नाही.

चिखल्या जरा निरखून बघा. दोन-चार पावलं तुरुतुरु धावतो, थबकतो, टोच मारतो, पुन्हा धावतो. डोळे मोठे, चोच आखूड, म्हणून वर दिसेल तेच टिपतो. पाणलाव्याची चोच लांब, टोकाला हुळहुळी. तो ती चिखलात खुपसून न दिसणारा किडा चाचपून काढतो. शेकाट्या लांब पायांवर थोड्या खोल पाण्यात उभा. म्हणजे एकाच उतारावर सगळ्यांची पंगत बसते. काठ दगडानं उभा बांधला की पहिल्याच पावलाला खोल पाणी. बदकं तिथंही निभावून नेतील, ह्या मंडळींनी जायचं कुठं?

म्हणून तुमच्या तलावाच्या सुशोभीकरणाचा आराखडा निघाला की एवढं विचारा: निदान एक बाजू मातीची, उतरती का ठेवत नाही? एकट्यानं नको, चार जणांनी मिळून, लेखी विचारा.

फोटोवाल्यांनो, उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवू नका, गाडी चिखलात घालू नका. मार्च-एप्रिलमध्ये परत निघण्याआधी ह्या पाखरांना अंगात चरबी साठवायची असते. प्रत्येक धावपळीत ती जळते. कुत्रा नेलात तर पट्टा हातात ठेवा. गाळपेर करणाऱ्यांनी फवारणीचा पंप तलावात धुऊ नये, ते पाणी तुमची गुरंही पितात. नायलॉन मांजाला बंदी आहे, तरी संक्रांतीला तो दिसतोच. निदान पोरांच्या हाती देऊन तलावाकडे धाडू नका.

उन्हाळ्यात पाहुणे गेले तरी टिटवी इथंच असते. उघड्या मुरमात अंडी घालते, ती खड्यांत खडा होऊन जातात. डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर समजा, घरटं पायाशी आहे. आल्या वाटेनं मागं फिरा.

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची मोजणी होते, 1987 पासून. गावातल्या पक्षीमित्रांना गाठून त्यात सामील व्हा. दुर्बीण नसली तरी चालेल, कुणीतरी देतंच. सकाळी लवकर या, ऊन पाठीवर घ्या आणि चिखलापासून पन्नासेक पावलं अलीकडेच थांबा.