दार बंदच हवं

मुंबईच्या लोकलला मेट्रोसारखी आपोआप मिटणारी दारं बसवणं हा मुंबईकरावर अन्याय आहे, असं एका विद्वान गृहस्थांनी नुकतंच लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दारं मिटण्यात वेळ जाईल आणि फेऱ्या घटतील, बंद डब्यात जीव गुदमरेल, एसी म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, आणि दाराशी उभं राहून वारा खाणं ही तर या शहराची ओळख आहे.

हा शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो वाचून माझं डोकं फिरलं. वारा खातो कोण? दुपारच्या रिकाम्या गाडीत दाराशी रेललेला एखादा कॉलेजकुमार खात असेल. सकाळी डोंबिवलीहून जलद लोकल पकडणाऱ्याचा एक पाय फूटबोर्डवर असतो, दुसऱ्याला जागा मिळाली तर मिळाली. सॅक पोटाशी घेतलेली, चार बोटं दाराच्या वरच्या कडेला अडकवलेली, आणि त्याच्याही बाहेर लोंबकळणाऱ्या दुसऱ्याचा हात त्याच्या खांद्यावर. ठाणे येईपर्यंत बोटं बधिर होतात. रुळांलगतचे खांब त्याला पाठ असतात, कारण खांब जवळ आला की अंग आत ओढावं लागतं. हा माणूस हौसेने तिथे उभा नाही. ही गाडी सोडली तर पुढचीही अशीच भरून येणार आणि कामावर लेटमार्क लागणार, हे त्याला माहीत असतं. 9 जून 2025 रोजी सकाळी मुंब्र्याजवळ कसाऱ्याकडे जाणारी आणि सीएसएमटीकडे येणारी अशा दोन लोकल शेजारून गेल्या, दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांना घासले आणि खाली पडले. त्याच दिवशी चौघे गेले. त्यांच्या घरी जाऊन हे ओळखीचं पुराण सांगण्याची हिंमत या गृहस्थांना होईल?

दोष प्रवाशाच्या माथी मारायची ही खोड जुनीच आहे. फलाट आणि गाडी यांच्यामधल्या पोकळीत माणसं पडत होती, तेव्हाही ‘लोकांनी जपून चढावं’ असंच ऐकवलं जाई. शेवटी उपयोग झाला तो फलाटांची उंची वाढवल्याचा. उपदेशाने एकही पोकळी बुजली नाही.

बाकीचे आक्षेप फार वेळ घेण्याच्या लायकीचे नाहीत. दारांमुळे फेऱ्या कोलमडत असत्या, तर अंधेरी-घाटकोपरची गर्दी 2014 पासून बंद दारांच्या मेट्रोने वाहिलीच नसती. हवेचं म्हणाल, तर छतातून बाहेरची हवा आत घेणाऱ्या बिगरएसी गाड्या पश्चिम रेल्वेवर 2007 पासून आहेत.

एसीच्या भाड्याचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो या गृहस्थांचा नाही, प्रवाशांचा आहे. पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 रोजी धावली. मे 2022 मध्ये तिचं एकेरी तिकीट निम्म्यावर आणलं, तरी किमान भाडं 35 रुपये राहिलं. साध्या लोकलचं 5 रुपये. ऑगस्ट 2022 मध्ये कळवा आणि बदलापूरचे प्रवासी भडकले, ते साध्या गाडीच्या जागी एसी गाडी आणली म्हणून. मध्य रेल्वेला वाढवलेल्या एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. तो राग रास्त होता. पण तो राग दारावर होता असं भासवणं ही शुद्ध लबाडी आहे.

मुंब्र्यानंतर रेल्वेनेच जाहीर केलं की बिगरएसी लोकलही बंद दारांच्या येतील: दारांना झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी जोडवाट. नव्या पिढीची गाडी म्हणतात ती हीच. ती साध्या तिकिटात हवी, आणि धावणारी फेरी रद्द करून नव्हे, तिच्यात भर घालून हवी. दार मिटल्यावर काही जण फलाटावर राहतील, हे मला मान्य आहे. त्यांना पुढची गाडी मिळेल.

प्रवासी संघटनांनी आता ‘एसी नको’ एवढ्यावर थांबू नये. ‘पाच रुपयांच्या तिकिटात बंद दाराची गाडी’ ही मागणी लेखी द्या, आणि प्रत्येक नवा रेक येईल तेव्हा तो कोणत्या भाड्याने धावणार, हे रेल्वेला विचारा.