फक्त लग्न तेवढं चांगलं लावून द्या

वर्षभर एक वाक्य कानाशी घोंगावतंय. हुमनाबादेत ऐकलं, भालकीत ऐकलं, औरादकडच्या एका बैठकीत तर एकाच तोंडून दोनदा ऐकलं. सतरंजीवर माणसं दाटीवाटीने बसलेली असतात, साखरेच्या पुड्या मधोमध ठेवलेल्या असतात आणि मुलाचा मामा अडकित्त्यात सुपारी धरून म्हणतो, "पाहुणे, देवाच्या दयेनं आमाला काय कमी नाही. हुंडा-बिंडा आपल्यात नकोच. फक्त लग्न तेवढं चांगलं लावून द्या." बैठक खूश होते. मुलीचा बाप हात जोडतो. 'माणसं दिलदार आहेत' असं कुणीतरी पुटपुटतं आणि सुपारी फुटते.

चांगलं म्हणजे केवढं, हे मात्र कुणी विचारत नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. हुंड्याला आकडा असतो, आकड्यावर घासाघीस करता येते, अगदीच झालं तर तक्रारही करता येते. 'चांगलं' याला आकडाच नाही. ते आधी बिदरच्या फंक्शन हॉलवर येतं, मग पानांच्या संख्येवर, फेट्यांवर, घोड्यावर, ड्रोनवर. बस्ता उदगीरला बांधायचा की हैदराबादला, इथवर येतं. सोनं तर कुणी मागतच नाही. "तुमच्या लेकीला तुम्ही काय घालाल ती तुमची हौस," एवढंच म्हणतात. ही हौस यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, दसऱ्यानंतर तोळ्याला सव्वा लाखाच्या वर गेली. पाच तोळे धरा, सव्वासहा लाख झाले. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे ११७ क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल उतारा पडला तरी जवळजवळ पंधरा एकरांचा माल, आणि तोही हमीभावाने कुणी उचलला तर. हॉल आणि जेवण यात अजून धरलेलंच नाही.

आणि यंदा पिकलं काय? सप्टेंबरात मांजरा आणि भीमा दोघी पात्राबाहेर आल्या, सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, कलबुर्गीकडच्या तुरीने मान टाकली. वर्षाचा बाकी हिशेब थोडक्यात सांगतो. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, त्याचा आनंद कानडी शेजाऱ्यांइतकाच आम्हालाही झाला. जयंत नारळीकर गेले. मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. पण गावोगाव बोलणं होतं ते पावसाचंच, म्हणून या दिवाळी अंकाचा विषय आम्ही 'पाणी' ठेवला. आता पाण्याच्या अंकात संपादक लग्नाचं काय घेऊन बसले, असं आमचे जुने वाचक म्हणणारच. पाण्यासारखा पैसा कुठे वाहतो तेही पाण्याच्या अंकात यायला हवं, एवढंच उत्तर तूर्त हाताशी आहे. ओढूनताणून आणलंय म्हणालात तरी चालेल.

शेतकऱ्याच्या कर्जाचं खापर लग्नावर फोडायची खोड जुनी आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर चौकशीला बसलेल्या इंग्रजी आयोगानेसुद्धा लिहून ठेवलं, की कर्जाचं कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं जातं. मान्य. मालाला भाव मिळाला तर बाप लेकीचं लग्न उसनवारी न करता उरकेल. तेव्हा शेतकऱ्याला काटकसरीचं प्रवचन द्यायचा आमचा इरादा नाही. आमचं भांडण त्या मामाशी आहे.

कारण साधं लग्न मुलीच्या बापाला मागताच येत नाही. त्याने नुसतं "घरापुढं मांडव घालू, दोनशे माणसांत उरकू" म्हणून बघावं. ऐपत नव्हती तर सोयरीक कशाला जोडली, इथून सुरुवात होते आणि मुलीत काही खोट आहे काय, इथपर्यंत जाते. तेच वाक्य मुलाच्या बापाने म्हटलं तर पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. ज्याच्या म्हणण्याने अब्रू जाते त्यानेच बोलावं आणि ज्याच्या म्हणण्याने नाव होतं त्याने सुपारी कातरत बसावं, असा हा न्याय आहे.

साधी लग्नं आपल्याकडे झाली नाहीत असं नाही. सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी लागलं. भटजी नव्हता, नवरा-नवरीने एकमेकांना वचनं दिली. पु. ल. देशपांडे आणि सुनीता ठाकूर यांचं लग्न १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने झालं; खर्च म्हणाल तर कोऱ्या फॉर्मचे आठ आणे. दोन्हीकडे वर-वधू स्वतः बोलले, ही गोष्ट मला आठ आण्यांपेक्षा मोठी वाटते. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? बसवकल्याण आपल्याच जिल्ह्यात आहे. बाराव्या शतकात तिथे चांभार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचं लग्न शिवभक्त शरणांनी लावलं. परंपरा सांगते की राजा बिज्जळाने दोन्ही बापांना हत्तीच्या पायी दिलं. त्याच कल्याणच्या वाटेवर आज लग्नसराईत डीजेच्या गाड्यांमुळे एसटी तासभर अडकते. शरणांची नावं मात्र पत्रिकेवर छापलेली असतात.

सामुदायिक विवाहाचा उपाय सगळेच सुचवतात. धर्मस्थळला १९७२ पासून ते चालू आहेत आणि तिथे हुंडा चालत नाही, हे चांगलंच आहे. कर्नाटक सरकारने २०२० मध्ये देवस्थानांमार्फत 'सप्तपदी' योजना आणली. तेव्हा ८ ग्रॅमच्या मंगळसूत्राला ४० हजार धरले होते, आज तेवढंच सोनं लाखाच्या आत येत नाही. पण मला खटकतं ते वेगळंच. सामुदायिक मांडवात अक्षता टाकायला येणारे पुढारी स्वतःच्या मुलाचं लग्न त्या मांडवात लावत नाहीत. त्यामुळे 'साधं' म्हणजे 'गरिबाचं' हा शिक्का पुसण्याऐवजी गडद होतो. मे २०२५ मध्ये पुण्याकडे हुंड्याच्या छळाचा आरोप झालेल्या प्रकरणात एका सुनेचा जीव गेल्यावर मराठा समाजाच्या बैठकांत आचारसंहिता ठरल्या: माणसं शे-दोनशेच, डीजे नको, प्री-वेडिंगचं चित्रीकरण पडद्यावर नको. मला त्यांचं कौतुक आहे. लग्नसराईत त्या किती टिकतात, हाच खरा प्रश्न.

आता टॉवेल-टोपीबद्दल. आहेराचा टॉवेल कुणी कधी उलगडून पाहिलाय का? कांजीने कडक केलेला, घडीत जाड दिसणारा, धुतला की पलीकडचं दिसावं इतका विरळ. त्याने अंग पुसता येत नाही आणि ते कुणाला अपेक्षितही नाही. आमच्या कपाटात घडी न मोडलेली अशी चळत आहे. पुढच्या लग्नात ती जाईल, तिथून आणखी पुढच्या. टोप्यांचंही तेच, गांधी टोपी घालणारी पिढी सरली, टोपी फिरतेच आहे. मुहूर्त बारा पस्तीसचा, आणि दोन वाजून गेले तरी माइकवर जिल्हा पंचायतीच्या माजी सदस्यांना टॉवेल-टोपी देणं चालू असतं. नवरी पाटावर ताटकळत, आचारी आत कढईवर. मान्यवरांचं झालं की मग मंगलाष्टका, त्याही दोनच, कारण लोक जेवायला उठलेले असतात.

तेव्हा मुलाकडच्यांना एक रोखठोक सांगणं आहे. सुपारी फुटायच्या आधी तुम्हीच तोंड उघडा. माणसं किती ते सांगा आणि तो आकडा दोन्ही घरांनी कागदावर घ्या. खर्च निम्मा-निम्मा, त्यात हॉलही आला. विशेष विवाह कायद्याने तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर लग्न होतं, हे मुला-मुलीला माहीत असू द्या. धार्मिक विधी हवा असेल तर तोही घरापुढच्या मांडवात होतो; हिंदू विवाह म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानेच एप्रिल २०२४ मध्ये बजावलंय. जेवणात हुग्गी, वांग्याची भाजी, वरण-भात आणि पंगत. पंगतीत वाढलेलं पानात पडून राहिलं तर शेजारचा म्हातारा दटावतो; बफेत कुणी दटावत नाही.

हे लिहून झाल्यावर अंकाची पानं लावताना ध्यानात आलं की आमच्या निम्म्या जाहिराती सराफांच्या, फंक्शन हॉलच्या आणि बस्त्याच्या दुकानांच्या आहेत. त्यांच्याशिवाय आमच्या मैलूरसारख्या ठिकाणाहून मराठी अंक निघत नाही, हे उघड गुपित. एका सराफांना संपादकीयाचा विषय आधीच सांगून टाकला. ते मनापासून हसले. म्हणाले, "छापा की बिनधास्त, सर. आमची जाहिरात तेवढी त्याच्या समोरच्या पानावर घ्या."

घेतली आहे.